परत आलेला प्रबंध

आपल्या समाजातील कुणाला डॉक्टरेट मिळाली की धर्मग्रामाच्या सूचनाफलकावर तिची वार्ता लागते, रविवारच्या मिस्सेनंतर शाल, श्रीफळ आणि टाळ्या होतात, आणि आपल्या नियतकालिकांत छायाचित्रासह चार ओळी छापून येतात. हे सारे योग्यच आहे. तथापि त्या चार ओळींत नोंदणीची तारीख आणि पदवीची तारीख यांच्यामधली वर्षे कोठेच नसतात. सहा, सात, कधी नऊ वर्षांचा तो काळ. त्यात मार्गदर्शक निवृत्त होतात, शिष्यवृत्ती आटते, लग्नकार्य येते, घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो. आणि सर्वांत अवघड म्हणजे लिहून, बांधून, सादर केलेला प्रबंध परत येतो. या परत येण्याविषयी कुणी बोलत नाही. ज्याचा प्रबंध परत येतो तो तर मुळीच बोलत नाही. त्याला वाटते, ही केवळ आपल्याच कपाळी आलेली गोष्ट आहे. आज तिच्याविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत.

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना वाटेत बोरी अरब हे गाव लागते. काळी जमीन, कपाशी, तूर आणि अलीकडे सोयाबीन. तेथे आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. शेती कोरडवाहू, घर जेमतेम, परंतु थोरली मुलगी मराठी विषय घेऊन एम.ए. झाली आणि वऱ्हाडातील जात्यावरच्या ओव्यांवर पीएच.डी.साठी तिने नाव नोंदविले. चार उन्हाळे ती आसपासच्या गावांतून फिरली. जाते कधीच कोनाड्यात गेलेल्या म्हाताऱ्यांजवळ बसून तिने ओव्या टिपून घेतल्या, प्रबंध लिहिला, दाखल केला. पुढे बरेच महिने गेल्यावर विद्यापीठाचे पत्र आले : परीक्षकांच्या सूचनांनुसार दुरुस्त्या करून सहा महिन्यांत प्रबंध पुन्हा सादर करावा.

आम्ही गेलो तेव्हा बापाने आम्हांस बाजूला घेऊन विचारले, "फादर, पोरगी नापास झाली काय?"

"नाही हो."

"मंग वापस कायले धाडलं?"

प्रश्न सरळ होता आणि त्याला सरळ उत्तर देणे प्राप्त होते. प्रबंध बाहेरच्या विद्यापीठांतील परीक्षकांकडे जातो. ते तीनपैकी एक उत्तर देतात : स्वीकारावा, सुधारून पुन्हा आणावा, किंवा नाकारावा. मधले उत्तर हे नापासाचे उत्तर नाही. परीक्षकाने सबंध प्रबंध वाचला, त्यात काही आहे असे त्याला वाटले, म्हणूनच तो दुरुस्त्या सुचवीत बसला. ज्यात काही नाही त्यावर कोण एवढी शाई खर्च करील? बापाचे समाधान झाले असावे. मुलीचे झाले नाही.

तिने आम्हांला शेरे दाखविले. ओव्या सांगणाऱ्या स्त्रियांची वये, गावे आणि त्या टिपल्याच्या तारखा जोडाव्यात. वऱ्हाडी उच्चार सर्वत्र एकाच पद्धतीने लिहावेत. चौथ्या प्रकरणात पुनरुक्ती आहे, ते नव्याने मांडावे. काही ओव्यांचे पाठ मूळ सांगणारीकडून पुन्हा पडताळून घ्यावेत. शेरे वाजवी होते. आमचे हे मत तिला आवडणारे नव्हते, तरी आम्ही ते सांगितले. अडचण शेवटच्या शेऱ्याची होती. ज्यांनी ओव्या सांगितल्या होत्या त्यांतल्या दोघीजणी दरम्यानच्या काळात वारल्या होत्या. आता पडताळणार कुणाकडून? "सोडून द्यावं म्हणते, फादर," ती म्हणाली. रडत नव्हती. रडली असती तर आम्हांला कमी काळजी वाटली असती.

त्यांच्या शेजारच्या घरात भिंतीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ही तसबीर नसलेले गाव शोधावे लागेल. निळा कोट, हाती ग्रंथ. बाबासाहेबांच्या पदव्यांची माळ येथील शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असते. परंतु त्या माळेतील दोन मोठे मणी किती रखडत, किती उशिराने आणि एक तर परत येऊन मग ओवला गेला, हे ती तसबीर सांगत नाही. त्या दिवशी त्या मुलीला आम्ही ते थोडक्यात सांगितले. येथे जरा विस्ताराने सांगतो.

१९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील सुभेदार रामजी निवर्तले होते. १९१५ साली एम.ए. झाली, पुढे पीएच.डी.साठी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा प्रबंध लिहून झाला, आणि १९१६ च्या अखेरीस ते लंडनला पोहोचले. तेथे ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राच्या उच्च पदवीसाठी त्यांनी नाव घातले. इथवर वाट चढणीची असली तरी सरळ होती.

१९१७ च्या उन्हाळ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. बडोद्याशी झालेल्या कराराप्रमाणे परत येऊन नोकरी करणे भाग होते. चार वर्षांच्या आत परतल्यास अभ्यास पुढे चालू करता येईल, एवढी सवलत विद्यापीठाने दिली. पहिले महायुद्ध चालू होते. भीमराव एका जहाजाने निघाले आणि त्यांचे ग्रंथ व सामान दुसऱ्या जहाजाने. ते दुसरे जहाज शत्रूने समुद्रात बुडविले. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून, पोटाला चिमटा घेऊन जमविलेले ग्रंथ तळाशी गेले. बदलीच्या वेळी पुस्तकांची एक पेटी चुकली तरी आम्ही आठवडाभर अस्वस्थ असतो. येथे तर सारी शिदोरीच गेली. हातात राहिली ती बुडालेल्या सामानाची नुकसानभरपाई, आणि तिच्यातूनच बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला.

बडोद्यात काय झाले हे बहुतेकांना ठाऊक आहे. कोलंबियात शिकून आलेल्या या तरुणाला नोकरी मिळाली, पण डोक्यावर छप्पर मिळेना. नाव बदलून एका पारशी उतारशाळेत ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली मंडळी आली आणि त्यांना बाहेर पडावे लागले. बडोदा सुटले. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले, तेथे दोन वर्षांहून कमी काळ काम करून पै पै साठविली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपयांचे कर्ज घेतले, आणि १९२० च्या जुलैत पुन्हा लंडनचा रस्ता धरला. एकाच जमातीच्या माणसांनी काठ्या दाखविल्या आणि एकाने तिजोरी उघडली, ही गोष्ट जाता जाता नोंदवून ठेवावीशी वाटते.

चार वर्षांच्या सवलतीतली तीन संपली होती. लंडनमधील त्या दिवसांचे वर्णन चरित्रकारांनी केले आहे : ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात उघडताच जाऊन बसावे, दुपारचे जेवण टाळावे, रखवालदाराने सांगितल्यावर उठावे, आणि रात्री भूक लागली तर मित्राने दिलेले पापड भाजून खावेत. १९२१ साली एम.एस्सी. झाली. १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये डी.एस्सी.साठी प्रबंध सादर झाला : ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’, म्हणजे रुपयाचा प्रश्न.

आणि मार्च १९२३ मध्ये हा प्रबंध परत आला.

आहे त्या स्वरूपात तो स्वीकारता येणार नाही, असे परीक्षकांचे म्हणणे पडले. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या चलननीतीवर त्यात कोरडे ओढले होते आणि ते लंडनच्या विद्वानांना झोंबले, असे चरित्रकार सांगतात. त्या माणसाची त्या घडीची स्थिती वाचकांनी डोळ्यांपुढे आणावी. वय बत्तिशीला टेकलेले, डोक्यावर कर्ज, मुंबईत रमाबाई मुलांसह काटकसरीचा संसार ओढीत असलेल्या, आणि लंडनमध्ये राहून दुरुस्त्या कराव्यात तर खिशात पैसा नाही. ते एप्रिलमध्ये मुंबईला परतले. ज्या प्रबंधासाठी दुसऱ्यांदा समुद्र ओलांडला तो बगलेत तसाच परत. मुंबईत बसून त्यांनी त्याची पुन्हा मांडणी केली आणि टपालाने लंडनला धाडला. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. डिसेंबरात लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनाने तो ग्रंथरूपाने काढला आणि बाबासाहेबांनी तो आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला.

येथे एक बारकावा आहे आणि आमच्या दृष्टीने साऱ्या कथेचे मर्म त्यात आहे. दुसऱ्या खेपेस शब्द बदलले, मांडणी बदलली. निष्कर्ष बदलले नाहीत. शेरा मिळताच दोन मोह होतात. एक असा, की परीक्षक द्वेष्टे आहेत, एक अक्षरही बदलणार नाही. दुसरा असा, की यांना जे हवे ते लिहून देऊ, एकदाचे सुटू. पहिला हट्ट आहे, दुसरी शरणागती. या दोहोंच्या मधून जाणारी पाऊलवाट फार अरुंद आहे. आपले कोणते वाक्य केवळ आवेशाचे आहे आणि कोणते सत्याचे आहे, हे ज्याला वेगळे करता येते त्यालाच ती सापडते. परत आलेला प्रबंध हे वेगळे करण्याची सक्ती करतो. म्हणून तो जाचक, आणि म्हणूनच उपयोगाचा.

मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांचीही आठवण ठेवली पाहिजे. ग्रंथाला त्यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत लेखकाच्या अनेक मतांशी आपण सहमत नाही असे मोकळेपणाने सांगितले. मत पटत नाही, तरी विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहायचे! आमच्या महाविद्यालयांतून असे मार्गदर्शक किती, हा प्रश्न आम्ही विचारून ठेवतो. उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

रुपयाच्या त्या प्रश्नाचा बोरी अरबच्या कपाशीशीही संबंध आहे. १८९३ साली सरकारने टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीसाठी बंद केल्या आणि पुढे रुपयाचे मोल पौंडाशी बांधले. पौंडाला किती रुपये पडतात यावर विलायतेला जाणाऱ्या कापसाचा भाव हलत असे, आणि वऱ्हाडचा कापूस तर यवतमाळ-मूर्तिजापूर या अरुंद रुळांच्या ‘शकुंतला’ गाडीने बंदराची वाट धरी. रुपयाची किंमत देशातील वस्तूंच्या भावांच्या मापाने स्थिर असली पाहिजे, केवळ परदेशी हुंडणावळीच्या मापाने नव्हे, हा आंबेडकरांचा आग्रह होता. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी तो मांडला. या ग्रंथावरूनच १९३५ ची रिझर्व्ह बँक उभी राहिली असे सभांतून सांगितले जाते. इतके सरळ विधान आम्ही करणार नाही. ग्रंथाचे मोठेपण त्यावाचून अडत नाही.

असो. त्या मुलीने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "ते बाबासाहेब होते, फादर." हे उत्तर आम्हांला अपेक्षित होते. थोरांची उदाहरणे सांगण्यात हाच धोका असतो. ऐकणारा आणखी लहान होतो. म्हणून तिला तिच्याच क्षेत्रातील दोन बहिणींची गोष्ट सांगितली.

कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊन बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या. संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. बाई म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभर परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. ती अट त्यांनी अपमान गिळून पाळली आणि कामाने पुसून टाकली. पुढे त्या केंब्रिजला गेल्या आणि वनस्पतींच्या पेशींतील श्वसनक्रियेवर त्यांनी अवघ्या चाळीसेक पानांचा प्रबंध लिहून पीएच.डी. मिळविली. चाळीस पाने! आमच्याकडे पाचशे पानांखाली प्रबंधाला वजन येत नाही असे समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

त्यांची थोरली बहीण म्हणजे दुर्गाबाई भागवत. त्याही पीएच.डी.च्या वाटेला लागल्या होत्या. मध्य प्रांतातील रानांतून आदिवासींचा अभ्यास करीत हिंडताना त्यांना असे दुखणे जडले, की पुढील काही वर्षे अंथरुणावर गेली. पीएच.डी. राहिली ती राहिलीच. परंतु लोकसाहित्याचा त्यांचा अभ्यास राहिला नाही. ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ त्यांनीच लिहिली. ‘ऋतुचक्र’ आणि ‘पैस’ ही पुस्तके मराठी वाचकाला त्यांनीच दिली. एका घरच्या दोघी. एकीने पदवी मिळविली, दुसरीची सुटली. दोघींपैकी चिकाटी कुणात अधिक, हे कुणी सांगावे? आम्ही त्या मुलीला म्हणालो, "प्रबंध सोडायचा तर सोड. त्यात पाप नाही. पण ओव्या सोडणार आहेस काय, हे आधी ठरव." ती म्हणाली, "ओव्या कशा सोडू?"

सेमिनरीत नव्या कराराचे ग्रीक शिकताना एका शब्दापाशी आमचे प्राध्यापक बराच वेळ थांबत असत. मराठी बायबलात ज्याला ‘धीर’ म्हटले आहे त्या शब्दाचे मूळ रूप ‘हुपोमोने’. हुपो म्हणजे खाली, आणि मोने म्हणजे राहणे. ओझ्याखाली राहणे, ते टाकून न देणे. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात संकट आणि आशा यांच्या मधल्या पायऱ्यांत हा शब्द ठेवला आहे. त्यात वीरश्री नाही, गर्जना नाही. हमालाच्या पाठीला कळणारा तो शब्द आहे. कापसाचे गाठोडे डोक्यावर घेऊन बांधाने चालणारी बाई तो कोणत्याही पंडितापेक्षा बरा समजावून सांगेल.

व्यवहाराच्याही गोष्टी झाल्या. धीर पुरत नाही, नियम ठाऊक असावे लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएच.डी.ला नोंदणीपासून सहा वर्षे, पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन, अशी कमाल दहा वर्षे मिळू शकतात. खेड्यापाड्यांतील कित्येक मुली हे ठाऊक नसल्यामुळेच वाट सोडतात. तिच्या मार्गदर्शकांनी असेही सांगितले, की वारलेल्या स्त्रियांच्या ओव्यांबाबत त्यांच्या लेकी-सुनांकडून पाठ घ्यावा, आणि तसा तो घेतल्याची स्पष्ट नोंद प्रबंधात करावी. हे ऐकून ती पहिल्यांदा ताठ बसली. एका म्हातारीची सून दिग्रसला असते, दुसरीची लेक तिच्याच गल्लीत. त्या लेकीने आईची ओवी म्हणून दाखविली तेव्हा तीत एक ओळ जास्तीची निघाली. पहिल्या खेपेला आईने ती सांगितली नव्हती, कारण तीत सासूची निंदा होती आणि सासूची बहीण तेव्हा ओसरीवर बसली होती! परीक्षकाच्या शेऱ्यावाचून ही ओळ हाती लागली नसती.

बापाने कपाशीची वेचणी आटोपताच घराच्या मागच्या खोलीतील तुरीची पोती हलवून तेथे टेबल लावून दिले. टंकलेखनाच्या खर्चासाठी काय केले ते त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. धाकट्या भावाचे कॉलेज एक वर्ष पुढे गेले, एवढे मात्र कळले. परत आलेल्या प्रबंधाची किंमत नेहमी दुसराच कुणी तरी मोजत असतो. सत्काराच्या दिवशी तो मागच्या बाकावर बसलेला असतो. आमच्या धर्मग्रामांनी शालीचा खर्च जरा कमी करून मधल्या वर्षांत एखाद्या विद्यार्थिनीच्या प्रवासाचे आणि छपाईचे पाहिले तर अधिक बरे होईल, हे आम्ही मंडळाच्या बैठकीत बोललो आहोत. अजून ठराव झालेला नाही.

कोलंबियाच्या पदवीचे सांगावयाचे राहिले. तो प्रबंध १९१६ सालीच लिहून झाला होता. परंतु छापील प्रती दाखल केल्यावाचून पदवी द्यावयाची नाही असा त्या विद्यापीठाचा दंडक होता, आणि छापण्याइतका पैसा नव्हता. वाढवून, सुधारून तो १९२५ साली ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’ या नावाने ग्रंथरूपात आला. प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना, आणि अर्पणपत्रिका सयाजीरावांच्या नावे. पीएच.डी.ची पदवी मिळाली जून १९२७ मध्ये. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ओंजळीत घेऊन झाले होते. घर म्हणजे परळच्या चाळीतील दोन खोल्या. धाकटा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला होता. लंडन आणि न्यूयॉर्कच्या त्या साऱ्या वर्षांत घर चालविलेल्या रमाबाई त्याच खोल्यांत होत्या.